चौकातला दादा

दादाच्या श्रद्धांजलीच्या फलकावर खाली मोठ्या अक्षरांत 'शुभेच्छुक' असं छापून आलं होतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. कबनूरला एका यंत्रमागाच्या कारखान्यात तो जॉबर होता. बंद पडलेला माग चालू करून द्यायचा, हे त्याचं काम. दिवाळी झाली होती, उसाची वाहतूक सुरू झाली होती. संध्याकाळी गाडीवरून घरी परत येताना हातकणंगल्याजवळ रस्त्याच्या कडेला उसाने भरलेली एक ट्रॉली बंद पडून उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, लोकांना कळावं म्हणून कुणी झाडाची एक फांदीही ठेवलेली नाही. दादा तिच्यावर आदळला. आम्ही दवाखान्यात पोहोचलो तेव्हा सगळं संपलं होतं.

आमचं घर पत्रकांचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, कोल्हापुरातल्या एका छापखान्यात मशीनमन होते. दिवसा लग्नपत्रिका छापायच्या आणि सुट्टीच्या दिवशी चळवळीची पत्रकं. छपाईत बिघडलेली पत्रकं ते घरी आणायचे, त्यांची पाठ कोरी असायची. दादाने आणि मी पाढे, शुद्धलेखन, बेरजा सगळं त्या पाठकोऱ्यांवर केलं. एका बाजूला बारा साते चौऱ्याऐंशी आणि दुसऱ्या बाजूला 'कष्टकऱ्यांनो, जागे व्हा'. दादाला आकड्यांची बाजू आवडायची, मला छापलेली. तो मागांची यंत्रं शिकला आणि मी पत्रकं लिहायला लागले. 'बंधू-भगिनींनो' लिहिल्याशिवाय मला आजही वाक्य सुरू झाल्यासारखं वाटत नाही.

अण्णांनी आयुष्यभर कर्मकांडाविरुद्ध छापलं, तेव्हा दादाच्या बाबतीतही त्यांनी तेच केलं. रक्षा नदीत सोडली नाही. कोडोलीला मामाच्या शेतात खड्डा काढून त्यात रक्षा घातली आणि वर आंब्याचं रोप लावलं. नैवेद्य नाही, कावळ्याची वाट बघणं नाही, दहावं नाही, तेरावं नाही. घरात हार घातलेला फोटो लावायचा नाही, हेही त्यांनी सांगितलं. आईला विचारलं, "तुला पटतंय न्हवं?" आई म्हणाली, "व्हय." मलाही पटत होतं. आजही पटतं. या ओळी वाचून कुणाला वाटेल की ही पोरगी आता देवाधर्माकडे वळली, तर त्यांनी पुढे वाचायचे कष्ट घेऊ नयेत.

फलक लावला तो गल्लीतल्या तालीम मंडळाच्या पोरांनी. आमच्याकडे माणूस गेला की दुसऱ्या दिवशी तो चौकात उभा राहतो, दहा फूट उंच. पोरांनी घाईत डिझायनरला सांगितलं आणि डिझायनरने घाईत संगणकात जे सापडलं ते घेतलं. मंडळातल्या कुणाच्या तरी वाढदिवसाचा फलक होता. त्याने मधला मोठा फोटो बदलून दादाचा टाकला, वरची 'नाद खुळा नेतृत्व' ही ओळ काढून 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली, आणि खालची पट्टी तशीच राहिली. 'शुभेच्छुक' आणि त्याखाली ओळीने पोरांचे छोटे छोटे फोटो. कुणी फोनवर बोलतोय, कुणी मिशीवर हात ठेवलाय. आणि त्याच ओळीत, डोळ्यांवर गॉगल लावून, दादा. मित्राच्या वाढदिवसाला शुभेच्छा देणारा दादा आता स्वतःच्याच श्रद्धांजलीत सामील झाला होता.

मला हे कळलं तेव्हा मी पेटलेच. मंडळाचा अध्यक्ष टेंपो चालवतो, दादाचा शाळेपासूनचा दोस्त. मी त्याला चौकातच गाठलं.

"वाचता येतं काय रे तुम्हाला?" मी म्हटलं. "माणूस गेलाय माझा आणि तुम्ही शुभेच्छा देताय?"

"ताई, चुकलं," तो म्हणाला. त्याचे डोळे सुजलेले होते. "रात्री बांधलाय ओ आमी. अंधारात दिसलंच न्हाय. आत्ता काढतो. पट्टी मारतो वरनं, 'शोकाकुल'ची."

"आणि खालचा गॉगलवाला?"

"त्योबी झाकतो."

तेवढ्यात आई आली. दादा गेल्यापासून ती पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती. चपलाही घातल्या नव्हत्या. तिने मान वर करून फलकाकडे पाहिलं. आईचं वाचन सावकाश, अक्षराला अक्षर जोडत चालतं. शेवटी ती खालच्या पट्टीपर्यंत पोहोचली.

"शुभेच्छुक," ती म्हणाली. "मग बरुबर हाय की. कुणी वाईट चिंतलंय काय त्याचं?"

"काकू, तसं न्हवं ओ..."

"आणि खाली बी हाय बघ त्यो. समद्यांसंगं." तिने बोट केलं. "झाकू नगंस. ऱ्हाऊ दे."

अध्यक्षाने माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली. फलक तसाच राहिला.

त्या दिवसापासून आई दुधाच्या निमित्ताने रोज सकाळी चौकात जायला लागली. आमच्या गल्लीत दूध घरी येतं, निमित्त खोटं होतं आणि ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. फलकासमोरच्या एका पायरीवर ती टेकायची. भाजीवाली मावशी मला एकदा म्हणाली, "तुजी आई बोलती ग त्याच्यासंगं. काल सांगत हुती, वांगी केल्ती म्हणून." मावशीने हे चेष्टेने सांगितलं नव्हतं, तरी मला ते टोचलं. आमच्या घरात दुःखाला शिस्त होती आणि आई ती रस्त्यावर मोडत होती.

माझी शिस्त वेगळी होती. मी ट्रॉलीवर पत्रक लिहायला बसले. प्रत्येक ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर हवा, बंद पडलेल्या वाहनामागे खूण हवी, वाहतूक करून घेणाऱ्यांवर जबाबदारी हवी. शब्द भराभर येत होते. इतकं सोपं मला कधीच गेलं नव्हतं. मजकूर अण्णांना दाखवला, कारण आमच्याकडे अण्णांच्या पेनाखालून गेल्याशिवाय काही छापत नाही. त्यांनी नेहमीप्रमाणे विशेषणं काढली. 'निर्घृण' काढलं, 'रक्तपिपासू' काढलं. मग 'माझा भाऊ' या दोन शब्दांवर रेघ मारली आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'एक तरुण कामगार'.

"अण्णा, हे का?"

"पत्रक सगळ्यांचं असतं," ते म्हणाले. "त्या घटनेत आपलं घर आणू नकोस."

त्या घटनेत. दादा गेल्यापासून अण्णा 'ती घटना' एवढंच म्हणत. तो, त्याचा, त्याला, असे शब्दसुद्धा त्यांच्या बोलण्यातून गेले होते. दादाचा डबा मांडणीवर होता, तो त्यांनी कधी तरी आत ठेवून दिला. त्याची गाडी पोलीस ठाण्यातून सोडवून आणायची होती. ते म्हणाले, "ते वाहन आणायला जावं लागेल." मी त्यांच्यावर रागावले नाही. मला त्यांचा अभिमानच वाटत होता. हा माणूस मोडला नाही, असं मी मैत्रिणींना सांगत होते.

पत्रक छापून झाल्यावर आईने एक उचललं. जेवणं झाल्यावर भिंतीला टेकून वाचत बसली. बऱ्याच वेळाने विचारलं, "ह्यो एक तरुण कामगार कोण ग?"

अण्णा पाणी प्यायला उठले.

त्याच काळात मोबाइलवर मला एक लेख सापडला. माणूस गेल्यावर मागे राहिलेले लोक कुठल्या कुठल्या पायऱ्या चढतात, ते त्यात क्रमाने दिलं होतं. आधी विश्वास बसत नाही, मग राग येतो, मग असंच काही काही, आणि शेवटी माणूस स्वीकारतो. मला तो लेख फार आवडला. क्रम म्हटला की मला बरं वाटतं. मी आईला त्या जिन्यावर बसवून बघितलं. सकाळी ती चौकात दादाला वांग्यांची भाजी सांगायची, म्हणजे पहिली पायरी. दुपारी बायका भेटायला आल्या की त्यांना नीट सांगायची, "पोरगं गेलं माजं," म्हणजे थेट शेवटची. संध्याकाळी भाकरी करताना एखादी जास्त व्हायची. ती तशीच घेऊन बसायची, आणि ही कुठली पायरी ते त्या लेखात सापडत नव्हतं. मला स्वतःलाही कुठे उभं करावं कळेना. राग मला होताच, पण तो दादाच्या आधीपासूनचा. लहानपणापासून मी त्याच एका पायरीवर राहत आलेय.

मग गल्लीत रिक्षा फिरली. भोंग्यावरून सांगत होते, विनापरवाना लावलेले सगळे फलक काढून घ्यावेत, अन्यथा महापालिका काढेल.

इथे सांगायला हवं, की ही मागणी आमची होती. चळवळीतल्या आमच्या अभ्यासगटाने त्यासाठी सह्या गोळा केल्या होत्या, आणि निवेदनाचा मजकूर माझा होता. झाडांना खिळे ठोकून, विजेच्या खांबांना तारा आवळून लावलेल्या या फलकांनी शहराचा श्वास कोंडला आहे, असं मी त्यात लिहिलं होतं. दादाचा फलक एका बाजूने कडुलिंबाला आणि दुसऱ्या बाजूने विजेच्या खांबालाच बांधलेला होता.

अध्यक्ष घरी आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"आत ये की," मी म्हटलं.

"नगं. ताई, एकच काम हाय. समदे काढू द्यात, आमच्या साहेबांचा बी काढू द्यात, माझा वाढदिवसाचा हाय त्योबी काढतो मी. दादाचा तेवढा वगळायला सांगा. तुमच्या लोकांचा अर्ज हाय, तुमचं ऐकत्यात."

मी अण्णांकडे पाहिलं. ते वर्तमानपत्र वाचत होते. पान न उलटता म्हणाले, "अपवाद मागायचा नाही."

"काका, काकू रोज येत्यात ओ तितं. आमी बघतोय की."

"अपवाद मागायचा नाही," अण्णा पुन्हा म्हणाले.

आता मला जे वाटलं ते लिहिते. निवेदन बरोबर होतं. अण्णा बरोबर होते. दुसऱ्या कुणाच्या घरचा फलक असता तर मीसुद्धा हेच म्हणाले असते, आणि दुसऱ्या कुणाच्या घरीही एखादी आई दुधाचं भांडं घेऊन निघतच असणार. आणि तरी माझ्या डोळ्यांपुढे फक्त समोरची ती पायरी येत होती, फलक काढल्यानंतरची. आई तिथे जाणार आणि समोर नुसता खांब. आम्ही तिच्याकडून एकेक गोष्ट काढून घेतली होती, तत्त्वाने, तिला विचारून, तिच्या 'व्हय'वर विसंबून. रक्षा कोडोलीला. फोटो नाही. पान वाढणं नाही. तिच्यासाठी शहरात दादाला भेटायची एकच जागा उरली होती आणि ती बेकायदा होती.

"अण्णा, मी उद्या कार्यालयात जाऊन बोलते," मी म्हटलं. "थोडी मुदत मागते. वगळा नाही म्हणत, मुदत."

"मुदत म्हणजे अपवादच."

"असू दे!" माझा आवाज चढला. "तिला तिथं तरी बसू द्या की!"

"मला काय विचारायचं न्हाय काय कुणी?" आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पिठाचे हात तसेच. तिने अध्यक्षाला विचारलं, "कवा काढत्यात?"

"परवा म्हणं, काकू."

"काढल्यावर काय करत्यात त्याचं?"

तो चुळबुळला. "ट्रकात टाकत्यात. कोयत्यानं दोऱ्या तोडायच्या आणि वडायचा खाली. त्यास्नी घाई असती."

आईने हात पदराला पुसले. "मग आपुनच काढूया. उद्या सकाळी. त्याला कोयता लावू द्यायचा न्हाय."

सकाळी आम्ही चौकात गेलो. अध्यक्ष पक्कड घेऊन शिडीवर चढला, दुसरा एक मित्र झाडावर. आई खाली उभी राहून असं काम घेत होती, जसं दिवाळीच्या साफसफाईला आमच्याकडून घ्यायची.

"हळू की रं! त्या अंगाची तार आधी सोड. वारं धरतंय बघ."

"काकू, तुमी बाजूला व्हा, डोक्यावर पडंल."

"पडू दे. तोंड मोडू नगा त्याचं. घडी घालायची न्हाय, गुंडाळायचं."

फलकाची वरची बाजू सुटून मागे लोंबली. एक दुचाकीवाला थांबला. त्याला फक्त खालची पट्टी दिसत होती.

"पावणं," त्याने अध्यक्षाला विचारलं, "वाढदिवस कुणाचा हाय ओ?"

मी पुढे होणार, तेवढ्यात आई म्हणाली, "माज्या पोराचा फलक हाय, बाबा. घरी न्हेतोय."

"बरं बरं. शुभेच्छा सांगा आमच्या," म्हणून तो गेला. अध्यक्ष शिडीवरच खांबाला डोकं लावून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. हसत होता की रडत होता, ते मला खालून कळलं नाही. आईने शिडी घट्ट धरली आणि म्हणाली, "उतर सावकाश."

सतरंजीसारखं गुंडाळून तिघांनी ते ओझं घरी आणलं. घरातली एकही भिंत एवढी नव्हती. मग गच्चीवर नेऊन पसरलं. वाऱ्याने कडा उडायला लागल्या तेव्हा चार कोपऱ्यांवर विटा आणि तुळशीची जुनी कुंडी ठेवली. दादा आभाळाकडे बघत गच्चीभर पडून राहिला. चपला काढून आम्ही कडेने उभे राहिलो. आई मात्र साडी आवरून सरळ फलकावर गेली आणि त्याच्या चेहऱ्याशी गुडघ्यांवर बसली.

इतक्या जवळून चेहरा राहतच नाही. चौकातून बघताना दादा होता. इथे नुसते ठिपके होते, लाल, निळे, पिवळे, आणि प्लॅस्टिकचा उग्र वास. आईने ओठांवरून हात फिरवला, गालावरून फिरवला, कपाळावरून फिरवला. भुवईपाशी तिचा हात थांबला.

"हितली खूण कुटं गेली?"

"कसली खूण?" मी विचारलं.

"लागल्याली. भुवई मधनं तुटल्याली न्हवती का त्याची?"

"काकू, डिझायनर साफ करतोय फोटो," अध्यक्ष म्हणाला. "डाग, मुरमं समदं काढतोय. गोरं बी करतोय जरा."

"डाग न्हवता त्यो." आई मागे सरली आणि तिने पुन्हा एकदा तो सगळा चेहरा नीट बघून घेतला. मग शांतपणे म्हणाली, "ह्यो न्हाय त्यो."

मला भीती वाटली. आता हेही गेलं, असं वाटलं. पण आई तिथेच मांडी घालून बसली आणि बोलायला लागली. महिनाभर ती फलकाशी बोलत होती. आता ती आमच्याशी बोलत होती. नाक असं नव्हतं, म्हणाली, नाक तिच्या वडिलांसारखं जाड होतं. कान मोठे होते, शाळेत पोरं चिडवायची. अध्यक्ष म्हणाला, "आमीच चिडवायचो. सुपकान्या म्हणायचो." आई हसली. "तूच व्हय रं त्यो! रडत यायचं घरी माजं." आणि भुवई. मी तान्ही होते तेव्हाची गोष्ट. अण्णांचा डबा घेऊन तो छापखान्यात गेला होता आणि मशीनच्या पायरीवरून पडला होता. मला हे कुणी कधीच सांगितलं नव्हतं. मी ती तुटकी भुवई रोज बघत होते आणि ती तशीच जन्माला आलीय असं समजत होते.

"डावी भुवई," आई म्हणाली. "हितं, मधोमध."

"उजवी."

जिन्याच्या दारात अण्णा उभे होते. किती वेळ ते माहीत नाही.

"डावी ओ," आई म्हणाली.

"उजवी. मी उचलून नेलं होतं त्याला. मला माहीत आहे."

"मी रोज तेल लावलंय त्याच्या डोस्क्याला. मला सांगतासा व्हय?"

"अगं, दवाखान्यापर्यंत पळत नेलं मी. असा घेतला होता त्याला." अण्णांनी दोन्ही हात वर केले आणि एक मूल डाव्या खांद्यावर घेतलं. एक हात खाली, बसायला दिल्यासारखा. दुसरा पाठीवर. "डोकं इकडं होतं त्याचं. माझ्या शर्टाची कॉलर भिजली होती. इथं, मानेपाशी. म्हणजे..." त्यांनी मान कलती करून खांद्याकडे पाहिलं, खरोखरच कुठली बाजू मानेला लागते ते बघत असल्यासारखं. ते थांबले. त्यांचे ओठ हलले.

"डावी," ते म्हणाले. "डावीच होती त्याची."

हात खाली आले नाहीत. ते तसेच धरून ते उभे राहिले, आणि मग त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला की मी पुढे धावले. आईने मला हाताने थांबवलं.

"या हितं," ती अण्णांना म्हणाली आणि फलकावरच थोडी सरकून तिने जागा केली. अण्णा चपला काढून आले आणि तिच्याशेजारी बसले. दोघांनीही एकमेकांना हात लावला नाही. अध्यक्षाने तोंड फिरवून कठड्यावर हात टेकले.

बऱ्याच वेळाने आईने विचारलं, "टाकं घालताना रडला हुता का त्यो? तुमी मला कवाच सांगिटलं न्हाईसा."

"नाही," अण्णा म्हणाले. त्यांनी शर्टाने तोंड पुसलं. "तो डॉक्टरला विचारत होता, की सुई कुठल्या मशीनवर बनवतात."